जुन्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनचे सुटे भाग: काय मिळतं, कशाला पर्याय चालतो, काय जपून ठेवायचं

कलाबूत

जपानी बनावटीचं मशीन आहे. एक हेड, बारा सुया, फ्लॉपीच्या काळातलं. सांगाडा ठणठणीत आहे आणि शिलाई अजून सुरेख पडते, पण या मॉडेलचे इलेक्ट्रॉनिक भाग आता नवे मिळत नाहीत. मेकॅनिकल भागही मागवले तर कधी येतील याचा भरवसा नाही. सध्याच्या तक्रारी अशा:

हूकच्या (सुईपट्टीखाली फिरून दोऱ्याचा फास पकडणाऱ्या भागाच्या) टोकाला नख लावलं की खरखर लागते, आणि सॅटिनच्या टाक्यात दोरा पिंजतो. ट्रिमर (दोरा कापणारे चाकू) मधूनच खालचा दोरा कापत नाही. बाहेरची रेघ आणि आतला भराव यांच्यात अर्धा मिलिमीटर सरक दिसते, तीही फक्त वाय दिशेला, म्हणजे पुढे-मागे. सात नंबरची सुई एखाद्या वेळी खाली उतरतच नाही. फ्लॉपी ड्राइव्ह चारातली एक फ्लॉपी वाचतो. सकाळी मशीन दोन-तीनदा चालू-बंद केल्याशिवाय स्क्रीन येत नाही.

यातले कोणते भाग मूळ कंपनीचेच हवेत, कोणते बाजारातून घेऊन चालतील आणि ते कोणत्या नंबरने मागायचे, हे जाणकारांनी सांगावं. दुकानदार "जुना पीस घेऊन या" एवढंच म्हणतात, आणि पीस काढून नेला की मशीन बंद.

विद्युतमित्र

तुम्ही यादीत शेवटी लिहिलेली गोष्ट सगळ्यात आधी हातात घ्या. थंड असताना मशीन उठत नाही आणि दोन-तीनदा बटण दाबल्यावर उठतं, याचं नेहमीचं कारण म्हणजे पॉवर सप्लायमधले सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. गरम झाले की ते जेमतेम काम करतात, म्हणून दुपारी सगळं ठीक वाटतं. पण दर वेळी चालू-बंद करताना ५ व्होल्टची लाइन वरखाली होते आणि मेमरीतली सेटिंग बिघडू शकतात. हूक आज ना उद्या मिळेल. गेलेली सेटिंग पुन्हा भरायला मात्र कागदावर काहीतरी असावं लागतं.

म्हणून आज मशीन चालू झालं की प्रत्येक मेनूतल्या सगळ्या पॅरामीटरचे फोटो काढा. सुयांची संख्या, फ्रेमच्या मर्यादा, ट्रिमरचं टायमिंग, मोटरचा वेग, रंग बदलाची सेटिंग, काहीही सोडू नका.

मग मल्टिमीटरने लॉजिक कार्डावरच ५ व्होल्ट मोजा, सप्लायच्या टोकाशी नको, कारण वायर आणि कनेक्टरमध्येही व्होल्टेज पडतं. ४.७५ च्या खाली गेलं तर जुन्या आयसी मनमानी करतात. मल्टिमीटर एसीवर टाकून तीच लाइन बघा. तिथे काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. शंभरच्या वर दिसले तर कपॅसिटर गेलेच समजा.

बदलताना एक-एक फुगलेला शोधत बसू नका, सप्लायमधले सगळे इलेक्ट्रोलिटिक एकदम बदला. १०५ अंशांचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) जातीचे घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वरचे. जाडी, उंची आणि पायांमधलं अंतर आधी मोजा, नाहीतर नवा कपॅसिटर जागेवर बसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दोन्हीकडे मिळतात. फक्त जुना माल खपवणाऱ्याकडून घेऊ नका, न वापरलेला कपॅसिटरसुद्धा कपाटात पडून म्हातारा होतो.

एक सावधगिरी: २३० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतो. रेझिस्टर लावून तो उतरवा, मोजून खात्री करा, मगच हात घाला. हे काम येत नसेल तर सप्लाय सोडवून कार्ड दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. पूर्ण मशीन न्यायची गरज नाही.

टाकेदुरुस्ती

आता मेकॅनिकलकडे. हूकपासून सुरुवात करतो.

नखाला लागलं म्हणजे हूक संपला असं नाही. टोकावरून नायलॉनचा बारीक दोरा ओढून बघा. अडकतो ती जागा मार्करने खूण करा. नुसती ओरखड असेल तर हजार नंबरच्या पुढची पॉलिशपट्टी दोऱ्याच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून ती जाते. टोकच बोथट होऊन गोल झालं असेल, किंवा आतली टोपली (जिच्यात बॉबिन केस बसते ती) हाताने हलवल्यावर खडखडत असेल, तर हूक बदला. टोक घासून पुन्हा अणकुचीदार करू नका. घासलं की ते आखूड होतं आणि सुईने केलेला दोऱ्याचा फास त्याला वेळेवर सापडत नाही.

नवा हूक मागताना चार गोष्टी सांगायच्या: मशीनचा मॉडेल आणि सीरियल नंबर, बॉबिनचा साइज (या वर्गाच्या बहुतेक मशीनना एल लागतो), हूकवर कोरलेला नंबर, आणि शाफ्टचा मायक्रोमीटरने मोजलेला व्यास. व्यास स्केलने मोजू नका. शाफ्टवर एका बाजूला झीज असेल तर दोन-तीन ठिकाणी फिरवून मोजा. कोबान आणि हिरोसे या जपानी कंपन्यांचे हूक अनेक कंपन्यांच्या मशीनमध्ये मुळातच बसवलेले असतात. त्यामुळे मशीनच्या कंपनीकडे नाही म्हणाले तरी हूकवरच्या नंबराने तोच माल मिळू शकतो.

बसवताना घाई नको. सुईपट्टी काढा, सगळा कचरा साफ करा, नवी डीबी×के५ सुई पूर्ण वरपर्यंत लावा. मुख्य शाफ्ट हाताने फिरवून पुस्तकात दिलेल्या अंशावर आणा. ताजिमा या जपानी कंपनीच्या टीएमईएक्स, टीएफएमएक्ससारख्या मशीनवर हा आकडा २०१ अंश आहे. इतर कंपन्यांचे आणि चिनी मशीनचे आकडे त्यांच्या त्यांच्या पुस्तकातून घ्या, अंदाजाने नको. त्या अंशावर हूकचं टोक सुईच्या बरोबर मध्यावर यायला हवं, आणि सुई व टोक यांच्यात ०.१ ते ०.३ मिमी फट. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच आधी पिळून घट्ट केला की हूक तिरका बसतो. मग टोपली अडवून धरणारा जो दांडा असतो तो परत लावा, त्याच्या फटीतून वरचा दोरा न अडकता सुटला पाहिजे.

यानंतर बहुतेक जण थांबतात. थांबू नका. एक नंबरची आणि बारा नंबरची सुईही आणून तेच अंतर तपासा. सातव्या सुईवर जुळलेलं टायमिंग टोकाच्या सुयांवर चुकत असेल तर दोष हूकमध्ये नाही, सुयांच्या पेटीच्या रुळांत किंवा रंग बदलाच्या जागेत आहे.

इचलकरंजीकर

वाय दिशेच्या सरकीबद्दल. दोन पट्टे वेगळे समजून घ्या. मोटरपासून मोठ्या पुलीकडे जाणारा छोटा पट्टा अखंड वर्तुळाचा असतो. फ्रेम ओढणारा लांब पट्टा बहुधा कापलेला, दोन्ही टोकं क्लॅम्पमध्ये पकडलेली. दोघांची झीज वेगळी आणि खरेदीही वेगळी.

हे पट्टे मशीनच्या कंपनीने बनवलेले नसतात. ते औद्योगिक टायमिंग बेल्ट आहेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा कोणत्याही मोठ्या गावातल्या बेल्ट-बेअरिंगच्या दुकानात मिळतात. अट एकच, दात बरोबर ओळखता आला पाहिजे. इथेच घोटाळा होतो. एक्सएल जातीच्या पट्ट्यात दोन दातांमधलं अंतर ५.०८ मिमी असतं. टी५ आणि ५एम यांच्यात बरोबर ५ मिमी. डोळ्यांना फरक कळत नाही, चार दातांवर पुली बसतेही, पण शंभर दातांत ८ मिमीचा फरक पडतो. असा पट्टा चढवला तर तो दातांवर चढत-उतरत चालतो आणि महिनाभरात त्याची साल निघते. दातांचा आकारही बघा: एक्सएल आणि टी५ चे दात चौकोनी उताराचे, ५एम चे गोलसर.

पट्ट्याच्या पाठीवर नंबर असेल तर तो असा वाचा. '२००एक्सएल०३७' म्हणजे लांबी २०.० इंच, दात १००, रुंदी ०.३७ इंच. '५००-५एम-१५' म्हणजे लांबी ५०० मिमी, दात १००, रुंदी १५ मिमी. छाप पुसली असेल तर दात मोजा आणि अकरा दातांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं, म्हणजे दहा अंतरांचं माप कॅलिपरने घ्या.

पट्टा बदलण्याआधी खात्री करा की दोष पट्ट्याचाच आहे. ५० मिमीचा चौकोन आणि त्यात एक वर्तुळ शिवून बघा. वर्तुळाची दोन टोकं जुळत नसतील तर ढिलाई. चौकोन एका दिशेला सारखाच लहान येत असेल तर पुली किंवा सेटिंग. पुलीचा सेट स्क्रू सैल असणं हे पट्ट्यापेक्षा जास्त वेळा सापडतं, आणि ते फुकटात दुरुस्त होतं.

बेअरिंगचंही तेच. पार्ट्स बुकात लांबलचक नंबर असतो, पण बेअरिंग काढलं की त्यावर ६०८, ६०००, ६२०१ असा साधा नंबर दिसतो. ६०८ म्हणजे आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी, जगभर तेच. मागे झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण, २आरएस असेल तर रबराचं. धूळ आणि रुव्याच्या जागी रबराचं बरं.

कलाबूत

माप घेतलं. मोटरचा छोटा पट्टा: छाप पुसलेली, ९० दात, दहा अंतरांचं माप ५०.८, रुंदी साडेनऊच्या किंचित आत. पुलीचा स्क्रू घट्ट आहे. पट्ट्याच्या दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसतात.

५ व्होल्टची लाइन कार्डावर ४.७ दाखवते, एसीवर दीडशेच्या वर मिलिव्होल्ट. पॅरामीटरचे फोटो काढून ठेवले.

इचलकरंजीकर

मग प्रश्न मिटला. ५०.८ म्हणजे एक्सएल. ९० दात गुणिले ५.०८ म्हणजे ४५७.२ मिमी, म्हणजे १८ इंच. रुंदी ९.४ मिमी म्हणजे ०३७. दुकानात '१८०एक्सएल०३७' म्हणा, जुना पीस न्यायची गरज नाही. दोन घ्या, एक प्लास्टिकच्या पिशवीत गोल ठेवा, घडी घालू नका. आतली दोरी काचतंतूची असते, घडीच्या जागी ती तुटते.

ताण देताना पट्ट्याचा मध्य बोटाने दाबला तर थोडा दबला पाहिजे. वीणेच्या तारेसारखा ताणला तर मोटरचं पुढचं बेअरिंग खाऊन टाकतो, आणि स्टेपर मोटर पट्ट्यापेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे.

विद्युतमित्र

४.७ आणि दीडशे मिलिव्होल्ट: कपॅसिटर बदलेपर्यंत मशीन चालवू नका.

कार्ड उघडलंच आहे तर बॅटरी बघा. जुन्या कार्डांवर दोनपैकी एक जात असते. ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियम, नळीसारखी गुंडाळलेली, किंवा ३ व्होल्टचा लिथियम सेल. निकेलवाली गळते आणि तिचं अल्कली आजूबाजूचे तांब्याचे रस्ते खातं. हिरवट-पांढरी पूड दिसली तर बॅटरी कापून काढा, जागा पातळ व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळल्यावर प्रत्येक रस्ता मल्टिमीटरने जोडलेला आहे का ते तपासा. कोकणात, गोव्यात, किनाऱ्याजवळच्या कोणत्याही गावात ही तपासणी दर पावसाळ्यानंतर करण्यासारखी आहे.

बदलताना निकेलच्या जागी ३.६ व्होल्टचीच निकेल मेटल हायड्राइड चालते. तिथे लिथियमचा बटण सेल लावू नका. ते सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि चार्ज न होणारा लिथियम सेल त्याने फुटू शकतो.

कार्डावर खिडकीवाली ईप्रॉम (मशीनचा प्रोग्रॅम साठवणारी चिप) असेल, म्हणजे २७ ने सुरू होणारा नंबर आणि वर स्टिकर, तर ते स्टिकर काढू नका. उजेडाने आतला प्रोग्रॅम हळूहळू पुसतो. कार्डवाल्याकडे प्रोग्रॅमर असतो, त्याच्याकडून चिपची प्रत काढून फाइल दोन ठिकाणी ठेवा. हा एकच भाग असा आहे की तो गेला तर दुसऱ्या मशीनचा लावूनही काम होईलच असं नाही, कारण सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळावी लागते.

टाकेदुरुस्ती

सात नंबरची सुई. एकच सुई मधूनच उतरत नसेल तर रेसिप्रोकेटरवर (सुईचा दांडा वर-खाली नेणाऱ्या भागावर) संशय घेऊ नका, तो तर सगळ्या सुयांना तोच असतो. त्या सुईच्या दांड्यावरचा जो खिळा रेसिप्रोकेटरच्या खाचेत अडकतो, तो झिजला आहे, की त्याचा स्क्रू सरकला आहे ते बघा. दांडा वर असताना सगळे बारा खिळे एका ओळीत दिसायला हवेत. सातवा थोडा खाली किंवा वर दिसला तर तेच कारण. दांड्याचं वरचं स्प्रिंग शेजारच्या स्प्रिंगशी जोडीने मोजून बघा, आखूड झालं असेल तर बदला. वरचा रबर-प्लास्टिकचा धक्कारोधक तुकडा झिजला तरी उंची बदलते. ते तुकडे बाराच्या बारा एकदम बदलावेत, स्वस्त असतात.

सगळ्याच सुया अधूनमधून चुकत असत्या तर मात्र रेसिप्रोकेटरची खाच, आणि जंपचं (टाका न घालता सुई वर ठेवणारं) सोलेनॉइड किंवा मोटर बघा.

ट्रिमरबद्दल: हलणारा आणि स्थिर असे दोन चाकू असतात, जोडीनेच बदला. नवा चाकू जुन्याबरोबर लावला की दोन्ही लवकर जातात. त्याआधी वीज बंद करून हाताने चाकू फिरवा आणि १२० डेनियर दोन पदरी रेयॉनचा एक पदर त्यात धरून बघा. स्वच्छ कापला तर चाकू ठीक, दोष चाकूच्या सुरुवातीच्या जागेत आहे: खालचा दोरा चाकूच्या नाकात अडकतच नाही. दोरा चेपला जातो पण कापला जात नाही, तर धार किंवा दोन पात्यांमधला दाब. रंग बदलल्यावर पहिले दोन-तीन टाके बसत नसतील तर दोरा फार आखूड कापला जातोय, तेव्हा चाकू नवे घेऊ नका, बॉबिनचा ताण बघा. एल बॉबिनला ताणमापकावर साधारण १८ ते २२ ग्रॅम.

तापीकाठ

सुरतेहून लिहितेय. इथे मल्टिहेड मशीन प्रचंड, त्यामुळे चाकू, हूक, नीडल बार, प्रेसर फूट, चेक स्प्रिंग (वरच्या दोऱ्याचा ढिलेपणा ओढून घेणारं बारीक स्प्रिंग), थ्रेड ब्रेकची चकती, फेल्ट असं सगळं चिनी बनावटीचं भरपूर मिळतं. पण दुकानात "ताजिमा टाइप" म्हटलं जातं त्याचा अर्थ नीट घ्या. चिनी मशीनचं हेड ज्या जपानी हेडवरून बनलं त्याच्या मापाचा तो भाग असतो, तुमच्या मॉडेलचा असेलच असं नाही. म्हणून नीडल बार मागताना चार मापं कळवा: व्यास, पूर्ण लांबी, सुईच्या छिद्रापासून खिळ्याच्या जागेपर्यंतची लांबी, आणि सुई घट्ट करणाऱ्या स्क्रूचा प्रकार. विक्रेत्याला सांगा की भाग कॅलिपरमध्ये धरलेला, आकडा दिसेल असा फोटो पाठव. माल असलेला माणूस पाठवतो. जो नुसता कॅटलॉगमधला फोटो पाठवतो त्याच्याकडे माल नसतो.

चिनी हूकला मी सरसकट नाही म्हणणार नाही. हातात घेऊन टोपली फिरवा: एकसारखी फिरली पाहिजे, कुठे अडली किंवा कुठे सैल पडली तर परत. टोकावर क्रोमचा थेंब किंवा कड असेल तर परत. यातून पास झालेला हूक मिनिटाला सहाशे-सातशे टाक्यांच्या वेगाला चांगला चालतो.

टाकेदुरुस्ती

ताई, वीस हेडच्या मशीनवर एक हूक लवकर गेला तर उरलेली एकोणीस हेड चालतात, म्हणून तो हिशेब तिथे बसतो. एकच हेड असेल तर हूकवर पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत. स्वस्त हूकची टोपली आधी झिजते, मग फट वाढते, मग सुई टोकाला लागते, आणि सुई तुटून तिचा तुकडा चाकूत जातो. म्हणजे वाचवलेले पैसे चाकूत गेले. बॉबिन केस मात्र स्वस्तातली चालते, बिघडली की फेकायची.

तापीकाठ

एका हेडसाठी तुमचं पटतं. मग असं करा कलाबूत: हूक कोबान किंवा हिरोसे, बाकी चाकू, स्प्रिंग, फेल्ट, धक्कारोधक आमच्या बाजारातून. चेक स्प्रिंग बारा एकदम घ्या. जुन्या स्प्रिंगमध्ये दोऱ्याने खाच पाडलेली असते, आणि दोरा तिथेच पिंजतो. तुमच्या सॅटिनच्या तक्रारीत हूकइतकाच तिचाही वाटा असू शकतो.

रेशीमगाठ

फ्लॉपीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. जुना ड्राइव्ह दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. आधी फक्त हेड अल्कोहोलने पुसून बघा. नाही जमलं तर फ्लॉपी इम्युलेटर लावा. गोटेक नावाचा डबा सगळीकडे मिळतो, ड्राइव्हच्याच जागेत बसतो आणि पेनड्राइव्ह घेतो. पण विकत घेण्याआधी तीन गोष्टी:

पहिली, केबल. ३४ पिनांची रुंद रिबन असेल तर सरळ बसतो. २६ पिनांची पातळ पट्टी असेल तर मध्ये अडॅप्टर लागतो.

दुसरी, क्षमता. अनेक जुनी मशीन ७२० केबीच्या फ्लॉपी वापरतात. १.४४ एमबीचा इम्युलेटर नुसता लावला तर मशीन "फ्लॉपी फॉरमॅट नाही" म्हणतं. ७२० चा वेगळा इम्युलेटर मिळतो, किंवा गोटेकवर फ्लॅशफ्लॉपी नावाचं मुक्त फर्मवेअर टाकलं की दोन्ही चालतात.

तिसरी, जंपर. मूळ ड्राइव्हच्या मागे डीएस० किंवा डीएस१ यापैकी कुठे जंपर आहे त्याचा फोटो काढा, इम्युलेटरवर एस० किंवा एस१ तसाच ठेवा. सगळं बरोबर असून मशीन ड्राइव्ह ओळखत नसेल तर ३४ नंबरची पिन बघा. काही मशीन त्या पिनेवर 'रेडी' सिग्नलची वाट बघतात, पीसीचे ड्राइव्ह तिथे 'डिस्क बदलली' असा सिग्नल देतात. फ्लॅशफ्लॉपीच्या सेटिंग फाइलमध्ये इंटरफेस 'शुगार्ट' केला की 'रेडी' मिळतो.

रिबन उलटी लावू नका. लाल कड म्हणजे एक नंबरची पिन. उलटी लागली तर इम्युलेटरचा दिवा सतत पेटलेला राहतो, लगेच बंद करा.

डिझाइनच्या फाइलची नावं आठ अक्षरांच्या आत, मोकळी जागा न ठेवता, शेवटी डीएसटी (ताजिमाचा डिझाइन फाइलचा प्रकार). डीएसटीत सुरुवातीला ५१२ बाइट माहिती आणि पुढे प्रत्येक टाक्याला ३ बाइट, म्हणजे दहा हजार टाक्यांचं डिझाइन तीस केबीच्या आसपास. ७२० केबीत अशी वीसेक बसतात. इम्युलेटरवर गिऱ्हाइकाप्रमाणे वेगवेगळ्या इमेज करून ठेवा. रंगांचा क्रम डीएसटीत नसतो, तो कागदावर लिहावाच लागतो.

नवीनसुई

असंच जुनं मशीन स्वस्तात मिळतंय. मुख्य कार्ड मेलं तर पूर्ण कंट्रोल बदलून चिनी कंट्रोल लावता येतो असं ऐकलं. कितपत खरं?

विद्युतमित्र

खरं आहे, पण शेवटचा उपाय म्हणून. बीजिंगच्या दाहाओ कंपनीचे कंट्रोल बहुतेक चिनी मशीनवर असतात, त्यामुळे ते लावणारे मेकॅनिकही सापडतात. पण नुसता डबा बदलून भागत नाही. मुख्य मोटर, एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते सांगणारा सेन्सर), एक्स-वायचे ड्राइव्हर (मोटर चालवणारी कार्डं) आणि बहुधा मोटरही बदलाव्या लागतात. जुन्या जपानी मशीनमध्ये पाच फेजच्या स्टेपर मोटर सापडतात, एका पावलाला ०.७२ अंश. तीन फेजची १.२ आणि दोन फेजची १.८ अंश फिरते. ड्राइव्हर एका जातीचा आणि मोटर दुसऱ्या जातीची असं चालत नाही. मोटर बदलली की एका पावलाला फ्रेम किती सरकते हे प्रमाण बदलतं, त्यासाठी पुली बदला किंवा सेटिंग. रंग बदलाचा सेन्सर आणि ट्रिमरचा सिग्नल जुळवणं हे सगळ्यात किचकट.

त्याआधी कार्ड खरंच मेलं का ते बघा. निम्म्याहून जास्त वेळा मुख्य चिप जिवंत असते आणि कडेचा एखादा साधा भाग गेलेला असतो. सोलेनॉइड चालवणारी टीडी६२०८३ ही आयसी गेली तर यूएलएन२८०३ पायाला पाय जुळून बसते. टीडी६२००३ च्या जागी यूएलएन२००३. टीएलपी५२१ ऑप्टोकपलर आता बनत नाही, टीएलपी७८५ किंवा पीसी८१७ चालतो. मात्र आयसी का गेली ते शोधा: सोलेनॉइडची कॉइल शेजारच्या तशाच कॉइलशी मोजा, तिच्यावरचा डायोड तपासा. डायोड तुटलेला असेल तर नवी आयसी पहिल्याच टाक्याला जाईल.

तापीकाठ

नवीनसुई, त्याच मॉडेलचं बंद मशीन भंगारात मिळत असेल तर ते कंट्रोल बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी. त्यातून घ्यायचं ते हे: सगळी कार्ड, एक्स-वाय मोटर, एन्कोडर, स्क्रीन, सुयांची पेटी, फ्रेमचे क्लॅम्प. हूक, चाकू, पट्टे सोडून द्या, ते बाजारात मिळतात. जपानमधून जुनं आलेलं मशीन असेल तर आतल्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी १०० की २०० व्होल्टवर आहे ते बघितल्याशिवाय प्लग लावू नका. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेल टाकून, वर मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून ठेवा.

कलाबूत

कपॅसिटर बदलले: ५.०२ व्होल्ट, एसीवर वीसच्या आत, पहिल्या दाबाला स्क्रीन. सातव्या दांड्याचा खिळा सरकलेलाच होता. पट्टा मागवलाय. एक अडचण राहिली: हूकच्या कंसाचा एक स्क्रू पिळ मारलेला आहे. एम६ चा लावला तर दोन फेरे बसतो आणि अडतो.

इचलकरंजीकर

तिथेच थांबा, जोर लावू नका. तो एम६ नसावा. शिलाई मशीनमध्ये इंची आट्यांचे खास स्क्रू असतात: ९/६४ ला ४० आटे, ११/६४ ला ४०, १५/६४ ला २८. १५/६४ म्हणजे ५.९५ मिमी, म्हणून एम६ सारखाच वाटतो, पण त्याच्या दोन आट्यांतलं अंतर ०.९१ मिमी आणि एम६ चं १ मिमी. दोन फेऱ्यांनंतर अडतो तो यामुळेच. जोर लावला तर ओतीव भागातले आटे जातील. शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात '१५/६४-२८' मागा, लांबी डोकं सोडून मोजा. आधी आट्यांच्या गेजने खात्री करा.

आणि जपानी मशीनवरचे फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) खाचेचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही, घसरतो आणि खाच खातो. जेआयएसचा दोन नंबरचा एक घेऊन ठेवा. पिळ मारलेला स्क्रू काढायचा असेल तर भेदक तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर सोडा, सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवून मग सोडवा.

कलाबूत

गेजने २८ आटे निघाले. तोच मागवतो, दोन जादा.